एका दमात

दोन माळे काय विचारता साहेब, चार विचारा, एका दमात चढतो, असं हिरालाल गजभियेनं डॉ. विहंगला ठणकावून सांगितलं, आणि बाजूच्या खुर्चीकडे अंगठा करून वरून जोडलं, की थांबते ती ही, आमची मिसेस. हिचे गुडघे कामातून गेलेत, दर वळणावर हिच्यासाठी उभं राहावं लागतं. हे सगळं तो हिंदीत बोलला, कारण रायपुरात डॉक्टरशी, पोलिसाशी आणि गॅसवाल्याशी माणूस हिंदीतच बोलतो, मराठी घरी भांडायला ठेवतो. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. केस आदल्या दिवशीच काळे केले होते, कारण काळ्या केसांच्या माणसाचं ऑपरेशन डॉक्टर जास्त मन लावून करतात असं त्याचं मत होतं. डॉ. विहंग म्हणजे तिशीतलं पोट्टं, त्याच्या पोरापेक्षाही, धम्मदीपपेक्षाही लहान. त्यानं मान हलवली आणि कॉम्प्युटरवर टाइप करायला बोट उचललं. ते बोट खाली यायच्या आत माया बोलली. माया दवाखान्यात कधी बोलत नसे. फायलीची पिशवी मांडीवर धरून ती भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे पाहत बसायची, रेल्वेचा नकाशा पाहावा तशी. आताही तिकडेच पाहत ती म्हणाली, "मैं इनके लिए रुकती हूँ, सर. मेरे घुटने ठीक हैं."

डॉक्टरचं बोट हवेतच राहिलं. मग ते खाली आलं, पण आधी जिथं येणार होतं तिथं नाही, दुसरीकडेच कुठंतरी. हिरालालनं ते पाहिलं. कीबोर्डचा आवाज त्याला बराच वेळ ऐकू येत राहिला. तिचं बोलणं त्याला आधी समजलंच नाही. वाक्य साधं होतं, पण हिंदीत होतं, आणि मायानं त्याच्याबद्दल हिंदीत असं काही बोललेलं त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं. घरात ती वाट्टेल ते बोलायची, पण ते मराठीत. ते घरातच राहायचं. हिंदीत बोललेलं कागदावर जातं.

जिन्याचा आणि आतड्याचा काय संबंध, असं कोणीही विचारेल. हिरालालनंही विचारलं होतं. वर्षभरापासून त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता, रक्त कमी भरत होतं, आणि ते रक्त जातं कुठं हे शोधता शोधता डॉ. विहंगनं त्याच्या मागच्या वाटेनं कॅमेऱ्याची नळी घातली होती. मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला एक गाठ सापडली. गाठ म्हणजे गोटी नव्हे. चपटी, पसरलेली, कोणी आतून सतरंजी अंथरावी तशी. तुकडा तपासायला गेला. अजून कॅन्सर नाही, डॉक्टर म्हणाला, पण कॅन्सरच्या आधीची पायरी आहे, तशीच राहू दिली तर कधी ना कधी होणार. हे ऐकून हिरालाल जवळजवळ खूश झाला होता. आयुष्यभर त्यानं वॅगन तपासल्या होत्या. लांब दांड्याचा हातोडा घेऊन मालगाडीच्या बाजूनं चालायचं, एकेका चाकाला टोला द्यायचा, कान लावायचा. ज्या डब्यात दोष निघाला त्याच्यावर 'सिक' लिहायचं, त्याला गाडीतून कापायचं आणि बाजूच्या लाईनवर नेऊन खराब भाग पूर्ण काढून नवा बसवायचा. दोष सापडला म्हणजे अर्धं काम झालं. बघत राहू, असं त्या लाईनवर कोणी म्हणत नसे. म्हणून त्यानं डॉक्टरला सरळ सांगून टाकलं होतं की तेवढं आतडं कापून टाका, आपलं काही म्हणणं नाही. म्हणणं होतं ते हृदयाचं. चार-पाच वर्षांमागं अटॅक येऊन गेला होता, आत स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, बसवल्या होत्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या आणि पंपिंग इतकं कमी की हृदयाच्या डॉक्टरनं रिपोर्ट दोनदा वाचला होता. पोट फाडायचं तर हे हृदय टेबलावर टिकलं पाहिजे. कागद नाही म्हणतात, डॉ. विहंग म्हणाला होता, पण कधीकधी माणूस कागदापेक्षा बरा असतो. दोन माळे न थांबता चढत असाल तर मी भूल देणाऱ्यांशी बोलून पाहतो. म्हणजे ऑपरेशन त्या एका उत्तराला लटकलं होतं, आणि ते उत्तर हिरालालनं चोख दिलं होतं.

त्यानंतर डॉक्टरनं हिरालालला काही विचारलंच नाही. त्यानं मायाला विचारलं. किती पायऱ्यांवर थांबतात, चालताना बोलता येतं का, झोपायला उशा किती लागतात. ती एकेकाचं उत्तर देत गेली. दो, ती म्हणाली. हिरालालला तिथंच उठून सांगायचं होतं की दुसरी उशी माझी नाही, हिची आहे, ही रात्री सरकते आणि उशी माझ्याकडे येते. पण बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की उशी काही स्वतः सरकत नसते. डॉक्टरनं शेवटी सांगितलं, पोट फाडायचं नाही. कॅमेऱ्याच्या नळीतूनच गाठीखाली पाणी भरून तिला उचलायचं आणि तुकड्या-तुकड्यानं कापून काढायची. रक्त येऊ शकतं, आतड्याला छेद पडू शकतो. आणि छेद पडला तर, असं हिरालालनं विचारलं. तर ऑपरेशन लागेल, डॉक्टर म्हणाला आणि चष्मा काढून पुसायला लागला. जे ऑपरेशन झेपणार नाही म्हणून नळी घालायची, त्या नळीनं बिघडलं तर तेच ऑपरेशन करायचं, हे हिरालालला रेल्वेतसुद्धा कोणी ऐकवलं नव्हतं. किंवा मग, डॉक्टर चष्मा डोळ्यावर चढवत म्हणाला, काहीच करू नका. अशा गाठीला कॅन्सर बनायला आठ-दहा वर्षं लागतात. हे त्यानं फार गोड आवाजात सांगितलं.

ऑटो बीरगावकडे निघाला. माया एका टोकाला, हिरालाल दुसऱ्या टोकाला, मधात फायलीची पिशवी. आठ-दहा वर्षं म्हणजे बराच वेळ झाला, असं त्याला आधी वाटलं. भनपुरी ओलांडून कारखान्यांची काळी धूळ डोळ्यात जायला लागली तेव्हा त्याला उमगलं की पोट्टं काय बोललं. पोट्टं म्हणालं, की गाठीची पाळी यायच्या आधी तुमचं हृदय जाणार, मग कापायची तसदी कशाला. गाठीला दहा वर्षं होती. त्याला किती होती ते पोट्ट्यानं सांगितलं नव्हतं. त्याला रडू आलं नाही, राग आला. आणि राग डॉक्टरवर आला नाही, हृदयावरही नाही, पिशवीच्या पलीकडं बसलेल्या बाईवर आला, जी ऑटोवाल्याला शांतपणे रस्ता सांगत होती. "काहून बोलली तू?" त्यानं विचारलं. माया म्हणाली, "खोटं बोलू का मंग? टेबलावर मरान तुमी." आणि ऑटोवाल्याला, बायें लेना भैया.

घरी गेल्यावर त्यानं धम्मदीपला फोन लावला. धम्मदीप त्याचा मुलगा, नव्या रायपुरात नोकरीला. मराठी त्याला सगळी समजते पण बोलायची वेळ आली की जीभ हिंदीत जाते. हिरालालनं आईची तक्रार सविस्तर केली. डॉक्टरसमोर, परक्या माणसासमोर, जिन्याबद्दल काहीबाही बोलली. मग धम्मदीप म्हणाला, "पापा, सबको पता है." सबको म्हणजे कोणाले, असं हिरालालनं विचारलं नाही. कारण त्याच क्षणी त्याला धम्मदीपचा फ्लॅट आठवला. तीन वर्षांमागं पोरानं तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा हिरालालनं त्याला मूर्खात काढलं होतं. डास येतात, धूळ येते, वरच्यांचं पाणी टपकतं, तळमजला कोण घेतं? पोरगं म्हणालं होतं, बगीचा मिळतो. बगीचा म्हणजे तुळशीचं एक रोपटं आणि कोणाची तरी जुनी सायकल. आता ती सायकल त्याच्या डोळ्यासमोर उभी राहिली. आणि हे घर? बीरगावातलं हे घर बांधताना त्याला वर एक माळा चढवायचा होता, भाडेकरू ठेवायचा होता. माया अडून बसली होती. भाडेकरूच्या कटकटी नको, म्हणाली. त्यानं ऐकलं होतं, बायकोचं ऐकणारा माणूस म्हणून पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मिरवलाही होता. फोन खाली ठेवून तो घरात फिरला. एक जिना नव्हता कुठं. छतावर जायला लोखंडी शिडी होती, तीही मायानं मागच्या दिवाळीत भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

मग सगळं सुटायला लागलं, जुन्या स्वेटरचा एक धागा ओढावा तसं, आणि तो खुर्चीत बसून ओढत राहिला. डोंगरगडची प्रज्ञागिरी. दर फेब्रुवारीला तिथं जमतात सगळे, रायपूर, भिलाई, गोंदिया, नागपूर, आणि वर मोठ्या बुद्धमूर्तीपर्यंत पायऱ्या चढत जातात. दरवर्षी माया अर्ध्या वाटेवर थांबायची आणि तिच्या बहिणीची, सरोजिनीची, कहाणी सुरू करायची. सरोजिनीच्या सुनेनं फ्रिजला कुलूप लावलं. सरोजिनीच्या जावयानं म्हैस घेतली ती गाभण नव्हती. लोक बाजूनं पुढं जायचे, पांढऱ्या साड्या, पांढरे कुडते, लहान पोरं, काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या, आणि हा कठड्याला टेकून सरोजिनीच्या म्हशीबद्दल ऐकत उभा. सरोजिनीचा त्याला जो राग होता, ज्यापायी तिच्या घरी तो लग्नालाही गेला नाही, तो सगळा राग जिन्यावरचा होता. त्या बिचारीचं कधी नखही त्याला लागलं नव्हतं. ती कहाणी बरोबर तेव्हाच संपायची जेव्हा त्याच्या छातीतला भाता शांत व्हायचा, आणि माया म्हणायची, चला, झाला माहा आराम. माहा आराम. वर पोहोचल्यावर हा हात जोडायचा आणि खाली पाहून म्हणायचा, की पाहा, या वयात एका दमात, फक्त हिनं थांबवलं म्हणून. हसणारे लोक हसायचे. ते कशाला हसत होते, ते आता त्याला कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

गोल बाजारात भांडेवाल्याच्या दुकानात एक स्टूल होतं. माया गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, भाव करायची, आणि भाव करण्यात ती इतकी चिवट की हिरालाल स्टुलावर बसून कंटाळायचा, दुकानदाराची कीव करायचा. ती पाच रुपयांसाठी अर्धा तास भांडायची आणि शेवटी गंज न घेताच उठायची. घरी पहिलेच सात गंज होते. सदर बाजारात तर तिनं कहरच केला. सोनाराच्या काचेसमोर उभी राहायची. आत जात नसे, बोट दाखवत नसे, नुसती उभी, लोकांच्या गाड्या पायावरून जात असल्या तरी. दर आठवड्याला, त्याच त्या काचेसमोर. हिरालालला वाटायचं, टोमणा मारून राहिली. लग्नात आपण हिला काही केलं नाही, नंतर पोरांच्या शिक्षणात गेलं, आता ही काचेसमोर उभी राहून सांगते. हा टोमणा त्याला वर्षानुवर्षं टोचत राहिला आणि शेवटी एक दिवस तो एकटाच जाऊन कानातले घेऊन आला, झुमके असलेले, वजनदार, आणि तिच्यापुढं ठेवले. माया घाबरली होती. तुमाले काही झालं का, असं तिनं विचारलं होतं, कपाळाला हात लावून पाहिला होता. ते कानातले अजून कपाटात होते. इतके वजनदार की घातले की कान दुखायचे. आणि पुढच्या आठवड्यात ती परत त्याच काचेसमोर उभी. तेव्हा तो पंधरा दिवस तिच्याशी बोलला नव्हता. तिला सोनं दिसतच नव्हतं. काचेत तिला मागं उभा असलेला, ओठ निळे पडलेला, श्वास मोजत असलेला तो दिसत होता.

म्हणजे बाजार खोटा, म्हैस खोटी, सोनं खोटं, गुडघे खोटे. ते गुडघ्याचं तेल, जे तो स्वतः नागपूरहून आणायचा, तिला चोळून द्यायचा. ती पाय पसरून बसायची आणि हा मन लावून चोळायचा, धडधाकट गुडघे. माया स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तो दारात जाऊन उभा राहिला. कधीपासून, त्यानं विचारलं. ती भाजी चिरत राहिली. अटॅकनंतर ना, तो म्हणाला; म्हणजे निदान तेवढं तरी कबूल कर, अशा आवाजात. विळीवरचा तिचा हात थांबला. "अटॅकच्या आधीपासून," ती म्हणाली.

हे मात्र त्याला वाटलं नव्हतं. आधीपासून म्हणजे, तिला दिसत होतं. तो दर वळणावर कमी पडत होता हे तिला दिसत होतं, आणि तिनं कहाणी सांगितली. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर तो दवाखान्यात गेला असता, तपासण्या झाल्या असत्या, अटॅक आलाच नसता. हृदय धड असतं, आणि आज आतडं कापता आलं असतं. वॅगनच्या चाकातून फुटका आवाज येतो आहे आणि तपासणारा जोरजोरानं गाणं म्हणतो आहे, गाडीला ऐकू जाऊ नये म्हणून. हे सगळं त्यानं तिला ऐकवलं. वॅगनचंही ऐकवलं. माया ऐकत होती आणि तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, कांदाही नव्हता. ती म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी दवाखान्यात गेले असते? मले दाखवाले अजून एक जिना चढले असते तुमी. तिथंच पडले असते." मग ती परत चिरायला लागली. ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी दगाबाजी होती, कारण ती बरोबर आहे हे त्याला दारात उभ्याउभ्या, चौकटीला धरून, थोडं दम लागलेल्या अवस्थेत समजत होतं.

काहीच न करण्यापेक्षा नळी बरी असं ठरलं आणि नळीतून गाठ काढायची तारीख मिळाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी बंद झाल्या, हृदयाचा डॉक्टर नाराजीनं हो म्हणाला. पण हिरालालनं मनात दुसरंच ठरवलं होतं. तो पोट्ट्याला चढून दाखवणार होता. बाईनं हिंदीत काही सांगितलं म्हणून कापाकापी रद्द होत नाही. माणूस समोर चढून आला की डॉक्टरला आपलं बोट परत उचलावं लागेल. त्यासाठी सराव पाहिजे होता, आणि सरावाला बीरगावात जिना सापडेना. गल्लीतली सगळी घरं एकमाळी. दोनमाळी एकच, ते भांडणाऱ्या भावांचं, तिथं जिन्यावर दोन्हीकडून कुलूप. राहिली ती पाण्याची टाकी. उंच, सिमेंटची, बाहेरून गोल फिरत गेलेला जिना. एका सकाळी माया नळावर असताना तो तिथं गेला, फाटक उघडंच होतं, आणि चढायला लागला.

पहिलं वळण सोपं गेलं. त्याला कारखान्यांची धुरांडी दिसली, रेल्वेची लाईन दिसली, छान वारा लागला. दुसऱ्या वळणावर कोणीतरी छातीत हात घालून कापड पिळावं तसं झालं. त्यानं सवयीनं मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं, सरोजिनीची कहाणी नव्हती. तो कठड्याला धरून उभा राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या नावावर थांबावं लागलं. खाली दुधवाला थांबला होता. मग भाजीवाली. टाकीवर माणूस चढला म्हणजे मागणी घेऊन चढतो हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या वर्षी एक जण चढला होता तेव्हा गल्लीला डांबर मिळालं होतं. बघता बघता गर्दी झाली. "का मांग हे कका, बता न," खालून कोणी ओरडलं. हिरालालला सांगायचं होतं की काही मागणी नाही, मी फक्त चढून राहिलो, पण त्याच्या तोंडातून शब्द निघायला हवाच नव्हती. त्यानं हात हलवला. लोकांनी त्याचा अर्थ लावला की कका मानून नाही राहिले. मोबाइल निघाले. नगरसेवक मोटरसायकलवर आला, हेल्मेट न काढताच त्यानं सांगितलं की नालीचं काम याच महिन्यात होईल, कका, आपण उतरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरालालचे ओठ हलत होते. तो अजून हवा शोधत होता.

मग गर्दीतून माया आली. तिनं वर पाहिलं, फार वेळ नाही, एकदाच. मग ती नगरसेवकाकडे वळली. नाली, ती म्हणाली, नालीचं तुम्ही निवडणुकीच्या आधीही बोलले होते. आणि कचऱ्याची गाडी? आणि आमच्या पाऱ्यातला नळ दिवसाआड येतो ते? आणि खांबावरचा लाईट? नगरसेवक उत्तर द्यायचा, ती पुढचं काढायची. तो वैतागला, ती वैतागली नाही. लोकांना मजा यायला लागली, कोणी वर पाहीना. वर हिरालाल कठड्याला टेकून हे भांडण ऐकत होता. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्यानं ओळखलं. गंजाचा भाव. ती त्याच्यासाठी नगरसेवकाशी गंजाचा भाव करत होती. छातीतला पिळा सुटत गेला, एक श्वास आत गेला, दुसरा गेला, आणि ज्या क्षणी त्याचा हात कठड्यावरून सुटला त्या क्षणी माया खाली म्हणाली, बरं ठीक आहे, चला, झालं माहं. तो उतरला. लोकांनी त्याला हार घातला. नाली पुढच्या आठवड्यात खरंच खोदली गेली आणि अजून तशीच खोदलेली आहे. ती ओलांडताना लोक त्याला नमस्कार करतात. घरी गेल्यावर ती सरळ भाजी चिरायला बसली आणि हेच त्याला सहन झालं नाही. तिनं त्याच्या उघड्या अपमानावर परत एक चादर टाकली होती, आणि त्यानं तिला बोलावलं नव्हतं.

तारखेच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध आलं. पाण्यात कालवायचं, लिंबाच्या चवीचं, म्हणजे लिंबानं ज्याच्याविरुद्ध तक्रार करावी अशा चवीचं, आणि एवढं की म्हैसही प्यायली नसती. तो ग्लासामागून ग्लास प्यायला. माया दर ग्लासानंतर पाणी पुढं करायची, तो तिच्याकडे न पाहता घ्यायचा. पोटात नळ वाजायला लागले. संडासच्या दाराशी तो बसला-उठला, बसला-उठला, आणि मधल्या वेळात त्याला वाटत राहिलं की आतून सगळं निघून चाललंय, जेवण, पाणी, वर्षं, प्रज्ञागिरी, फक्त ती सतरंजी तेवढी अंथरलेली राहणार. त्याला भीती वाटली, पण कोणाला सांगणार? जिला सांगायचं ती आता सरकारी साक्षीदार झाली होती. तरी एकदा, दाराच्या आतून, त्यानं विचारलंच. "छेद पडला तं?" माया म्हणाली, "मी आहो न." ती नेहमी तिथं होती, हीच तर तक्रार होती. तो आत बसून राहिला.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा उन्हं वर आली होती. नळी घालायचा विभाग तिसऱ्या माळ्यावर. माया लिफ्टच्या रांगेत लागली. तू लिफ्टनं ये, तो म्हणाला, मी येतो. तिनं त्याच्याकडे पाहिलं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नको म्हणाली असती तर तो भांडला असता, पण ती रांगेतच उभी राहिली. जिना लिफ्टच्या मागं होता, पांढऱ्या फरशीचा, फिनाइलचा वास येत होता. पोट रिकामं, पाय हलके, कालच्या औषधानं आतून पोकळ झालेला हिरालाल चढायला लागला. डोक्यात त्यानं भाषण तयार ठेवलं होतं. डॉक्टरच्या टेबलापाशी उभं राहायचं, बसायचं नाही, आणि म्हणायचं, सर, सीढ़ी से आया हूँ. एवढंच. पुढचं बोट आपोआप उचललं जाईल. पहिला माळा गेला. हृदय कानात यायला लागलं होतं, पण अजून बाहेरच्या बाजूला, दार ठोठावल्यासारखं. पुढच्या वळणावर भिंत थोडी जवळ आली. हातातल्या कठड्याला कोणाचा तरी घाम लागलेला होता, मग त्याला समजलं की तो आपलाच आहे. तो थांबला. थांबला म्हणजे बुटाच्या लेसकडे पाहिलं. पायात चप्पल होती.

आणि तो थांबल्याबरोबर खालचा एक आवाज थांबला. इतका वेळ तो आवाज होता हेही त्याला थांबल्यावर कळलं. फट, फट, हलक्या पावलांचा, अर्धा माळा खाली. त्यानं दोन पायऱ्या चढून पाहिल्या. खाली दोनदा फट फट. तो थांबला. शांत. श्वास रोखून, म्हणजे जेवढा होता तेवढा रोखून, तो एक पायरी चढला. फट. त्याला ओरडायचं होतं. हाही जिना तिनं सोडला नव्हता, एकटं पडायची सुद्धा तिनं सोय ठेवली नव्हती. आणि त्याच वेळी, त्याला नको असताना, छातीतलं ते ठोठावणं थोडं मऊ पडलं, जसं कोणी घरात आहे हे कळल्यावर पडतं. त्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं. वळणापलीकडं साडीचा काठ दिसला आणि पटकन मागं गेला.

"माया," तो म्हणाला, "तू काहून आली?"

खालून उत्तर आलं तेव्हा बाईला चांगलाच दम लागलेला होता.

"मी नाही आली," माया म्हणाली. "मी लिफ्टमधे आहो."

हिरालालला हसू आलं की काय झालं, त्याचं त्यालाही समजलं नाही. तो खाली यायला वळला. एक पायरी तो उतरला, तेव्हा तीही बहुतेक मागं सरकली असावी, दिसू नये म्हणून. फरशी नुकतीच पुसलेली होती. आवाज फार मोठा झाला नाही.

मायाच्या डाव्या पायाचा घोटा मोडला. दोन वॉर्डबॉयनी तिला व्हीलचेअरवर बसवून तळमजल्यावर हाडांच्या विभागात नेलं. सोबत कोण आहे, असं विचारल्यावर हिरालाल पुढं झाला, त्यानं सही केली आणि एक्स-रेच्या दाराबाहेर पिशवी धरून उभा राहिला. वर तिसऱ्या माळ्यावर त्याचं नाव पुकारलं, परत पुकारलं. मग पेशंट हजर नाही असं लिहून त्यांनी पुढच्या माणसाला आत घेतलं.